किल्ली जोशींकडे आहे

अंधेरीतल्या एका स्टुडिओत माहितीपटाचं मराठी रेकॉर्डिंग होतं, भाषांतर माझं. विषय रोआनोक. आजच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतचं हे बेट. १५८७ मध्ये सुमारे ११५ इंग्रज बायकामुलांसह तिथे राहायला गेले आणि तीन वर्षांनी पाहतात तर वस्ती रिकामी. मूळ संहितेत दर दोन वाक्यांआड ‘गूढ’. माझे प्रतिशब्द तिसऱ्या पानावरच संपले.

आदल्या रात्री ‘क्रोआटोअन’चा उच्चार शोधता शोधता मी त्या वस्तीचा गव्हर्नर जॉन व्हाइट याच्या स्वतःच्या हकिकतीपर्यंत पोचले आणि जागीच राहिले. त्याची मुलगी एलेनॉर तिथेच १८ ऑगस्ट १५८७ ला बाळंत झाली. नात व्हर्जिनिया नऊ दिवसांची असताना लोकांनी त्यालाच रसद आणायला इंग्लंडला धाडलं. पुढे स्पेनशी युद्ध पेटलं, जहाजं अडकली. तो परतला १८ ऑगस्ट १५९० ला, नातीच्या तिसऱ्या वाढदिवशी. घरं उतरवून नेलेली, भोवती मोठ्या झाडांचं कुंपण. एका झाडावर ‘क्रो’ कोरलेलं आणि साल काढलेल्या खांबावर पूर्ण शब्द: क्रोआटोअन.

आमच्या स्क्रिप्टमध्ये इथे होतं, ‘एक भयावह संदेश’.

पण निघण्याआधीच ठरलं होतं की जागा बदललीत तर नव्या ठिकाणाचं नाव कोरा, संकटात असाल तर वर क्रूस काढा. क्रूस नव्हता. क्रोआटोअन हे दक्षिणेकडचं बेट, मँटिओचं गाव. मँटिओ तिथला मूळ रहिवासी, इंग्लंडला जाऊन आलेला, वस्तीतल्या इंग्रजांचा मित्र. व्हाइट लिहितो, ही खूण पाहून मला फार आनंद झाला. आनंद!

सकाळी निवेदन करणाऱ्या काकांनी बूथमध्ये ते वाक्य असं काही खर्जात घेतलं की मी टेक थांबवला. टॉकबॅकवरून, म्हणजे बूथमध्ये ऐकू जाणाऱ्या माइकवरून, सगळं सांगितलं. काका हेडफोन काढून म्हणाले, “अगं, मग हे आमच्या चाळीतल्यासारखं झालं की. दाराला चिठ्ठी: किल्ली जोशींकडे आहे.”

दिग्दर्शकाचं म्हणणं, चित्र कापून झालंय, वाक्य सव्वाचार सेकंदांतच बसलं पाहिजे. तेही खरंच. मी पेन्सिलीनं खोडत, बोटांवर मात्रा मोजत बसले. तेवढ्यात काकांनी विचारलं, “आजोबा गेला का मग तिकडे?”

“निघाला होता. पण वादळात नांगराचा दोर तुटला, एकच नांगर उरला, गोडं पाणी किनाऱ्यावर राहिलं. जहाज वळलं, आणि त्याला पुन्हा येणं जमलंच नाही.”

त्या बेटावर ते पोचले का, पोचले तर पुढे काय झालं, हे कोडं आहेच, मी नाकारत नाही. पण ते कोडं आपल्या अंगावर पडलं ते आजोबाला पोचता आलं नाही म्हणून. खांबावर तर सरळ पत्ता होता.

शेवटी वाक्य झालं, ‘खांबावर त्यांनी नवा पत्ता कोरला होता.’ काकांनी ते हलक्या आवाजात घेतलं, घरातल्या माणसाला सांगावं तसं. पहिलाच टेक ओके.

प्रसारणाच्या दिवशी चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. वाक्य तसंच होतं. मिक्सिंगवाल्यानं खाली ढोल घातला होता.