वीस तारखेनंतरचा विश्वास

आमच्या घरात पैशाचा हिशोब माझ्याकडे आहे. नवऱ्याची नोकरी कंत्राटी. पगार कधी महिन्याच्या सुरुवातीला, कधी पंधरवडा उलटून, आणि मुदतवाढीचं पत्र अगदी गळ्याशी आल्यावर. मुलांची फी, सासूबाईंची औषधं, घरभाडं यांना मात्र वाट बघणं माहीत नाही. अशा घरातल्या बाईला कुणी 'चिंता करू नकोस, देव आहे' म्हटलं की पहिल्यांदा राग येतो. मलाही येतो. विशेषतः म्हणणाऱ्याचा पगार एक तारखेला होत असेल तर.

पण बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात 'चिंता करू नका' हे सांगणारा येशू कोणी खात्यापित्या घरचा नव्हता. तो सुतार होता. मार्कच्या 6 व्या अध्यायात त्याच्या चार भावांची नावं आहेत आणि बहिणींचाही उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या घरात पीठ कधी संपतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. 'काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे' ही यादी त्याने उगाच केलेली नाही. रात्री अंथरुणात हेच तर घोळत असतं.

माझं घोळणं साधारण वीस तारखेनंतर सुरू होतं. दिवसा वही उघडून, पेन्सिल हातात घेऊन बसले की तोच हिशोब अर्ध्या तासात होतो. काय द्यायचं, काय पुढे ढकलायचं, कुणाला फोन करून मुदत मागायची, सगळं कागदावर येतं. रात्री मात्र ती बेरीज संपतच नाही, कारण तिच्यात अजून न आलेली बिलं मिळवलेली असतात. पत्र आलंच नाही तर? सासूबाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं तर? पहाटेपर्यंत मी पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये पोचलेली असते आणि तिथली फी भरत असते. याला मी जबाबदारी म्हणत असे. नवरा याला जागरण म्हणतो.

म्हणून बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या 16 व्या अध्यायातली मान्नाची, म्हणजे रानात देवाने इस्राएली लोकांना पुरवलेल्या अन्नाची, गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचते. माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप, रोजचं रोज गोळा करायचं. काहींनी ऐकलं नाही, सकाळसाठी ठेवलं, त्याला किडे पडले आणि घाण सुटली. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढे सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय, आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेलं ते मान्ना मात्र नासलं नाही. म्हणजे साठवण्यालाच देवाची हरकत नव्हती. उत्पत्ती पुस्तकाच्या 41 व्या अध्यायात तर योसेफ मिसरच्या राजाला सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरायचा सल्ला देतो आणि पुढच्या दुष्काळात सगळा देश त्यावर जगतो. त्यामुळे 'विश्वास आहे ना, मग विमा कशाला' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बाजूला टाकायला जमेल तेवढं मी टाकते. ज्याला किडे पडले ते उद्या मिळणारच नाही या भीतीने ठेवलेलं होतं, असं मला वाटतं. माझ्या रात्रीच्या बेरजेलाही तोच वास येतो.

मत्तयाच्या त्याच अध्यायात येशू आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगतो. लूकच्या शुभवर्तमानात पाखरांऐवजी थेट कावळ्यांचं नाव आहे: ते पेरत नाहीत, कापत नाहीत, त्यांना कोठार नाही, तरी देव त्यांना पोसतो. कावळा कधी नीट पाहिलाय? उजाडायच्या आत कामाला लागतो. मान वाकडी करून एकेक कोपरा धुंडाळतो, दोनदा हाकलला तरी तिसऱ्यांदा येतो. बसून खाणारा हा पक्षी नव्हे. फक्त संध्याकाळ झाली की मुक्कामाच्या झाडाकडे जातो, बस्स.

बायबलमधल्या एलीया या संदेष्ट्याला भाकर आणि मांस आणून दिलं तेही कावळ्यांनीच, आणि कावळा तर मोशेच्या नियमशास्त्रात अशुद्ध पक्षी. मदत कुणाच्या चोचीतून येईल हे आपण ठरवायचं नाही, एवढं त्यातून मी घेतलं. नवऱ्याचा पगार थकला होता तेव्हा ज्यांच्याशी आमचं फारसं बोलणंही नव्हतं, त्याच नातलगांनी न मागता पैसे पाठवले. घेताना मला जड गेलं. घेतले.

एलीयाच्या गोष्टीतला मला सगळ्यात खरा वाटणारा भाग मात्र पुढचा आहे. 1 राजे या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात देवाने स्वतः ज्या करीथ ओहोळापाशी एलीयाला पाठवलं, तो ओहोळ आटला. पाऊसच नव्हता. देवाने दाखवलेली सोयही बंद पडू शकते, हे तिथे कुठलीही सारवासारव न करता लिहिलंय. मग एलीया सारफथ गावच्या एका विधवेकडे जातो, आणि तिच्याकडे काय? मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. ते मडकं पुढे काठोकाठ भरलं असं कुठेच म्हटलेलं नाही. फक्त सरलं नाही. तिला रोज मडक्यात हात घालून बघावं लागलं असणार. आमचं घर बरंचसं तसंच चाललंय. शिल्लक दिसत नाही, पण फी भरली जाते.

सगळ्यांचंच असं होतं का? नाही. उपाशी झोपणारी माणसं आहेत, त्यात विश्वासू माणसंही आहेत, आणि याचं उत्तर माझ्याकडे नाही. याकोब मात्र बायबलमधल्या आपल्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायात बजावतो की उघड्या-उपाशी माणसाला नुसतं 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणण्याचा काही उपयोग नाही. तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुणाची नोकरी गेली तर बायबलचं वचन पाठवण्याआधी मी विचारते, किराणा भरलाय का?

यंदाचं पत्र अजून आलेलं नाही. नवऱ्याने दुसरीकडे अर्ज टाकलेत, मी घरमालकांशी बोलून ठेवलंय. सासूबाईंची औषधं महिनाभर पुरतील एवढी आहेत. रात्री येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतलं 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणताना 'आज'वर जरा थांबते. परवा ती बेरीज पुन्हा सुरू झाली, तेव्हा उठून वही उघडली, उद्याचे दोन खर्च लिहिले आणि दिवा घालवला. झोप लगेच आली असं नाही, पण जूनपर्यंत गेले नाही.