गेम शोचं शूटिंग बघायला गेले आणि मोबाईलपायी रडकुंडीला आले

जाऊबाईंच्या ओळखीतल्या कोऑर्डिनेटरने दोन पास दिले. नवीन गेम शो, बक्षीस कोटीत, शूटिंग गोरेगावच्या फिल्मसिटीत. २००० साली केबीसीत आपल्या हर्षवर्धन नवाथेने १ कोटी जिंकले तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते, त्यामुळे मी एका पायावर तयार.

बोलावलं दुपारी १२ ला, सुरू झालं ५ ला. पांढरे किंवा बारीक रेघांचे कपडे घालू नका, माझी ओढणी काढायला लावली. आणि टाळ्या आधीच शूट करून घेतात, आनंदाच्या वेगळ्या, हळहळीचे चेहरे वेगळे, समोर खुर्ची रिकामी आणि आम्ही हळहळतोय!

खरा वैताग पुढे. मोबाईल गेटवरच जमा करतात, बदल्यात प्लास्टिकचं गोल टोकन. माझा नंबर ६८. रात्री साडेदहाला सुटलो तर दीड-दोनशे माणसं आणि खिडकीत एकच पोरगा. पाऊण तासाने नंबर आला, त्याने फोन दिला, काळा, कव्हर काळं, माझ्यासारखाच, पण बोट लावलं तर उघडेना. तो म्हणतो, मॅडम, बोट पुसून लावा. पुसलं, अंगठाही लावला, मागची लोकं ओरडायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की टोकनवरचे आकडे इंग्रजी आहेत आणि इंग्रजीतला ६८ उलटा धरला की ८९ होतो! म्हणजे हा ८९ वाल्याचा फोन, आणि माझा कुठे? तर पोरगा म्हणे बाजूला थांबा.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, टोकनचा फोटो काढून ठेवायचा ना."

"कशाने काढू, ताई?"

त्यांच्या फोनवरून घरी कळवावं तर त्यांची बॅटरी संपलेली, आणि नवऱ्याचा नंबर मला पाठ नाही, पाठ आहे तो माहेरचा बंद पडलेला लँडलाईन. आम्ही मुलुंडच्या, म्हणजे खरं तर डोंगराच्या पलीकडेच, पण गोरेगाव-मुलुंड बोगदा होईपर्यंत लोकलने दादरवरूनच जायचं, आणि घड्याळ पळतंय. शेवटी ८९ वाले काका बसमधून उतरून तणतणत आले, "हा कुणाचा फोन? सारखा वाजतोय!" मुलीचे ११ मिस्ड कॉल. हातात घेतल्यावर बोट लावलं, उघडला, डोळ्यात पाणीच आलं.

तर फोनच्या कव्हरवर आधीच नावाची चिठ्ठी चिकटवा आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून न्या.

स्पर्धक जिंकला बरं का, चांगली मोठी रक्कम. शेजारची बाई लगेच म्हणाली, ३० टक्के टॅक्स आधीच कापतात, वर सेस. मला तेव्हा थंडीपुढे काही सुचत नव्हतं, आत एसी इतका की दात वाजत होते. स्वेटर न्याच.