डंपमधलं लोह मोजताना: माझा अनुभव

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका जुन्या डंपमध्ये, म्हणजे लोहखनिजाच्या खाणीतून काढून टाकलेल्या मालाच्या ढिगात, लोह किती टक्के आहे, हे काढायचं काम आमच्या गटाकडे होतं. टायट्रेशनला (ठरावीक तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने घालून लोह मोजण्याला) फार वेळ लागत नाही. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा त्याआधी, नमुना घेताना, आणि बिघडला की बहुधा लोह जास्त दिसतं.

ट्रक रिकामा केला की मोठे दगड घरंगळून पायथ्याशी जातात, भुकटी माथ्यावर राहते. त्यावर गोव्याचा पाऊस वरची बारीक माती धुऊन नेतो. म्हणून वरचा अर्धा मीटर थर काढून टाकला आणि माथा, मध्य, पायथा अशा तीन पातळ्यांवर चार-चार खड्डे घेतले. प्रत्येक खड्ड्याच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची पट्टी खरवडून वीस किलो माल काढला. चकाकणारे दगड वेचून पिशवीत टाकले तर तो नमुना राहत नाही.

बारा खड्ड्यांचा 240 किलो माल. ओला तसाच क्रशरमध्ये घातला तर चिकणमाती जबड्याला चिकटून राहते. त्या मातीत अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचं ऑक्साइड) जास्त असते. ती मागे राहिली की लोहाचा टक्का फुगतो. म्हणून आधी ताडपत्रीवर वाळवणं, मग 10 मिमीपर्यंत फोडणं. त्यानंतर ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा ढीग. माल कमी करत जाल तसा तो अधिक बारीक करत जायला हवं. शेवटचा एक किलो 105 अंशांवर वाळवून 150 मायक्रॉनच्या चाळणीतून पूर्ण पाडायचा. चाळणीवर उरलेले कण फेकू नका: त्यात कठीण क्वार्ट्झ (गारगोटी) असतं, ते पुन्हा दळायचं.

विश्लेषणाला 0.2 ग्रॅम पूड पुरते. ती हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून विरघळवायची. तळाशी पांढरा गाळ राहिला तर ती सिलिका. काळपट राहिला तर लोह अजून सुटलेलं नाही. मग पिवळा रंग जाईपर्यंत स्टॅनस क्लोराइड (कथिलाचा क्षार) थेंबाथेंबाने, वर एक-दोन थेंबच जास्त. गार करून मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचा क्षार) घातल्यावर रेशमी पांढरा गाळ यायला हवा. राखाडी आला तर कथील जास्त झालं, तो फ्लास्क बाद. पाऱ्याचं सांडपाणी सिंकमध्ये कधीच नाही, वेगळ्या कॅनमध्ये.

सल्फ्युरिक-फॉस्फोरिक आम्ल आणि रंग बदलून शेवट दाखवणारं बेरियम डायफिनाइलअमाइन सल्फोनेट घालून 0.1 नॉर्मल तीव्रतेच्या पोटॅशियम डायक्रोमेटने टायट्रेशन. हिरव्याचा जांभळा झाला की थांबायचं. डायक्रोमेटचा एक मिलिलीटर म्हणजे 5.585 मिलिग्रॅम लोह. म्हणजे 20 मिलिलीटर लागले तर 55.85 टक्के.

आपल्याकडच्या मालात गोएथाइट (स्फटिकात पाणी असलेलं लोहखनिज) बरंच असतं आणि त्याच्या स्फटिकातलं पाणी 105 अंशांवर जात नाही. त्यासाठी पूड 1000 अंशांवर तापवून वजनातली घट वेगळी मोजावी लागते. घट 8 टक्के असेल, तर 55 टक्क्यांचा माल भाजल्यावर जवळपास 59.8 भरतो. अहवालात यातला कोणता आकडा आहे ते लिहिलेलं नसेल, तर दोन डंपांची तुलना करू नका.