एकाच गाडीवर तीन तऱ्हेचं पांढरं

तक्रार सरळ होती. गाडीच्या बाहेरच्या काळ्या प्लास्टिकवर कोटिंग, म्हणजे रंग परत आणून टिकवणारा पातळ थर, करून घेतलं आणि थोड्याच धुण्यांत ते ठिकठिकाणी निघालं. काही पट्टे काळेभोर, बाकी पांढुरकं, आणि पाऊस झाला की मागच्या बंपरवरून तपकिरी ओघळ. मालकांची खात्री होती की बाटलीतला मालच खोटा. गाडी उंच, त्यामुळे चारही चाकांच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, दोन्ही बंपरांचा खालचा भाग आणि वायपरखालची जाळी हे सगळं बिनरंगाचं, दाणेदार प्लास्टिक.

असं काम आलं की मी कोटिंगचं नाव विचारत नाही, आधी पांढरेपणा कसला आहे ते बघतो. गाडी साध्या शाम्पूने धुतली, वाळवली आणि स्प्रेच्या बाटलीतून नुसतं पाणी मारत एका बाजूने फिरलो. पुढच्या कमानीवर पाणी पसरलं, प्लास्टिक क्षणात काळं झालं आणि वाळताना परत करडं पडलं. मागच्या दाराखाली पाणी पडूनही दाण्यांच्या खोबणीत पांढरे ठिपके तसेच दिसत राहिले. मागच्या बंपरवर पाणी नीट थांबेचना आणि बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. तीन ठिकाणी तीन वेगळे रोग, आणि आधीच्या कामात तिन्हींवर एकच औषध लावलेलं.

पुढच्या कमानीचं पांढरं हे खऱ्या अर्थाने उन्हाने खाल्लेलं प्लास्टिक. या भागांच्या मागच्या बाजूला बहुधा ‘पीपी प्लस ईपीडीएम टी२०’ असा शिक्का असतो: पॉलिप्रॉपिलीन, त्यात रबर आणि २० टक्के टाल्कची भुकटी. काळा रंग काजळीचा, आणि काजळी उन्हात उडत नाही. ऊन खातं ते वरच्या पातळ थरातल्या प्लास्टिकला. त्याला सूक्ष्म तडे जातात, भुकटी उघडी पडते आणि प्रकाश विखुरल्यामुळे डोळ्याला करडं दिसतं. पाण्याने ते तडे भरले की रंग परततो, ओली वाळू गडद दिसते तसाच. त्यामुळे ओलं केल्यावर काळं होणाऱ्या भागाबद्दल मी निर्धास्त असतो. तिथे कोटिंग चांगलं काम करतं, कारण ते तेच तडे भरून काढतं आणि पाण्यासारखं वाळून जात नाही.

दाराखालचे ठिपके पॉलिशचे होते. दाराच्या रंगाला कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पॉलिशची पेस्ट, मारताना खालच्या पट्टीला टेप लावली नव्हती, कंपाउंड उडून दाण्यांत बसलं आणि वाळलं. यावर एपीसी, म्हणजे ऑल पर्पज क्लीनर, १ भागाला ४ भाग पाणी असा घेतला आणि मऊ दातांचा ब्रश छोट्या गोलात चालवला. फेस दुधाळ निघू लागला की समजायचं, कंपाउंड सुटतंय. जे ब्रशने हललं नाही ते वाफेने हललं, पण वाफेचं नोझल एका जागी धरायचं नाही, सतत फिरतं ठेवायचं. बरेच जण इथे मेलामाइनचा पांढरा स्पंज वापरतात. मी टाळतो. तो मुळात बारीक सँडपेपर आहे. दाण्यांची टोकं घासली जातात, तिथे चमक येते आणि ती चमक परत घालवता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या बंपरने खाल्ला. तिथे सिलिकॉन तेलाच्या ड्रेसिंगचे, म्हणजे काळी चमक आणायला चोळतात त्या तेलकट लेपाचे, थरावर थर बसले होते, त्यात धूळ मुरलेली आणि कोटिंग थेट त्यावर लावलेलं. कोटिंगला धरायला प्लास्टिक मिळालंच नाही. ते तेलावर सुकलं आणि तेलासकट सुटलं. तपकिरी ओघळ त्याच धूळ मुरलेल्या तेलाचे. एपीसी तेच प्रमाण, पण एका वेळी हातभर लांबीच घ्यायची, सावलीत, प्लास्टिक गार असताना. ३० ते ४० सेकंद मुरू द्यायचं, घासायचं आणि वाळायच्या आत धुवायचं. वाळलं तर क्लीनरचेच डाग पडतात. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघाला. फेस पांढरा निघेपर्यंत हे परत परत करावं लागतं. त्यानंतर पांढऱ्या कापडावर निम्मं पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं. कापड पिवळट झालं तर परत एपीसी. माझ्या मते या कामात कौशल्य लागतं ते इथेच. बाटली उघडल्यानंतरचं काम कोणीही शिकू शकतो.

आणि तेल निघाल्यावर ते दिसलं, जे या गाडीत मला अपेक्षित नव्हतं. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर चार बोटं रुंदीचे, लाटांसारखे काळे चकचकीत पट्टे. कधीतरी कोणीतरी हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, फिरवली होती आणि पुढे ड्रेसिंगच्या थरांनी ते झाकलं गेलं होतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं. हीट गनची हवा ३०० च्या पुढे सहज जाते. वरचा थर वितळतो, तडे बुजतात आणि प्लास्टिक डोळ्यादेखत काळं होतं, म्हणून ही युक्ती फार लोकप्रिय आहे. पण त्याच वेळी दाणेही वितळून सपाट होतात. शिवाय उन्हाने खाल्लेलं प्लास्टिक तिथेच राहतं, ते काही महिन्यांत परत करडं पडतं. मग लोक परत गन फिरवतात.

सपाट झालेला दाणा कुठल्याही कोटिंगने उठत नाही. मी मालकांना टॉर्च तिरका धरून ते पट्टे दाखवले. पर्याय दोनच होते: तो भाग नवीन घ्यायचा, किंवा आधी प्लास्टिकचा अॅडहीजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, आणि मग दाणेदार बंपर पेंट मारायचा. प्रमोटरशिवाय पॉलिप्रॉपिलीनवर रंग धरत नाही, सालपटं निघतात. त्यांनी नवीन भाग मागवायचं ठरवलं. बाकीच्या गाडीचं काम पुढे चालू केलं.

लावण्याआधी सांध्यांतलं आणि क्लिपांच्या मागचं पाणी हवेच्या दाबाने काढलं. हे राहिलं तर अर्ध्या तासाने एक थेंब ओघळतो आणि ओल्या कोटिंगवर रेघ सोडून जातो. रंगाच्या कडेला मास्किंग टेप लावली, हातमोजे घातले. अॅप्लिकेटरवर ८ ते १० थेंब, एका वेळी ४० ते ५० सेंटीमीटर, आधी आडवं मग उभं, दाण्यांत दाबून. दीड-दोन मिनिटांनी आखूड लवीच्या मायक्रोफायबरने हलकेच पुसायचं. वेळ बाटलीवर लिहिलेली असते, पण उन्हाळ्यात ती कमी होते. दाबून पुसलं तर माल निघून येतो, न पुसलं तर तेलकट चमकणारे धब्बे सुकतात. दिवा समोरून धरला तर धब्बे दिसत नाहीत, बाजूने धरावा लागतो. वायपरखालची जाळी दिवसभर उन्हाकडे तोंड करून असते आणि ती माल अक्षरशः पिते, म्हणून तिला तासाभराने दुसरा हात दिला. पुढच्या कमानींनाही दिला.

आधीच्या कोटिंगचे काही तुकडे मात्र प्लास्टिकला घट्ट धरून होते. पाण्याचे गोल थेंब तिथे उभे राहत होते, त्यामुळे ओळखू आले. ते खरवडायचा हट्ट धरला नाही, कारण दाणेदार पृष्ठभागावर ते नीट निघत नाही आणि दाणे बिघडतात. त्यांच्या कडांवर पातळ हात देऊन रंग एकसारखा करून घेतला.

रंगावर चुकून लागलेला थेंब लगेच पुसावा, सुकल्यावर त्याला पॉलिशच लागतं. वापरलेली कापडं त्याच दिवशी टाकून द्यावीत. ती सुकून कडक होतात आणि धुऊन परत वापरली तर रंगावर चरे पाडतात.

गाडी २४ तास कोरडी ठेवायला सांगितली, आठवडाभर शाम्पू नाही. पुढे न्यूट्रल शाम्पू, चाकांचा अॅसिडवाला क्लीनर कमानींवर उडू द्यायचा नाही आणि पॉलिशच्या आधी प्रत्येक काळ्या पट्टीला टेप. मागच्या चाकांपुढचा खालचा कोपरा सगळ्यात आधी उतरणार, तिथे खडी आणि वाळू सतत आपटते. तेवढ्याच जागेला दरवर्षी एक हात पुरतो. नवीन बंपरचा भागही बसवल्याबरोबर अल्कोहोलने पुसून कोटिंग करायचं ठरलं. साच्यातून सुटावा म्हणून कारखान्यात लावलेलं तेल नव्या भागावरही राहिलेलं असू शकतं.