कॅथेटरवरचा बुळबुळीत थर आणि ध्वनिलहरी

लघवीचा कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर काढणारी नळी, घातला की जीवाणू काही तासांत त्याच्या भिंतीला चिकटू लागतात. मग स्वतःभोवती बुळबुळीत आवरण विणतात. हाच बायोफिल्म. आत दडलेल्यांना अँटिबायोटिकची नेहमीची मात्रा पुरत नाही. प्रोटियस नावाचा जीवाणू असेल तर आणखी पंचाईत: तो लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते, स्ट्रुव्हाइट या क्षाराचे खडे साचतात आणि नळी चोंदते.

म्हणून चिकटण्याआधीच अडवायचे. शरीराबाहेरच्या भागावर छोटा पिझो चिमटा (विजेवर कंप पावणारा) बसवतात. त्याची १०० ते ३०० किलोहर्ट्झची अगदी मंद कंपने नळीच्या पृष्ठभागावरून आत पोचतात आणि जीवाणूंना पाय रोवू देत नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सशांवरच्या प्रयोगात अशा लहरींमुळे लघवी ९ दिवसांपर्यंत निर्जंतुक राहिली.

बिघडते ते बहुधा चिमट्यापाशी. पकड सैल राहिली की मध्ये हवा शिरते, आणि हवेच्या फटीवरून ध्वनी जवळपास सगळाच परततो. नळी पुसून कोरडी करा, चिमटा घट्ट बसवा, पण नळी दाबली जाऊ देऊ नका. सुरुवात कॅथेटर घातल्याबरोबर व्हायला हवी. जुना थर या मंद लहरींनी निघेल अशी आशा धरू नका. लहरींची तीव्रता मनाने बदलणेही धोक्याचे, कारण काही प्रयोगांत सौम्य अल्ट्रासाउंडने जीवाणूंची वाढ उलट जोमाने झाली आहे.

लहरी असल्या तरी लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, नळी आणि पिशवीचा जोड उघडायचा नाही, आणि गरज संपताच कॅथेटर काढायचा.