कानानं दाढी

मंगळवार

आज ऑफिसात चौघांनी विचारलं, "काय झालं?" हनुवटीवर दोन, ओठाखाली एक आणि गळ्याच्या घाटीवर एक, असे पेपरचे कपटे चिकटवून गेलो होतो. त्यातला घाटीवरचा दुपारी डबा खाताना आरशात दिसला. तोवर तो तिथंच होता आणि कुणी बोललं नव्हतं.

पाच पात्यांचं कार्ट्रिज सोडून दुधारी ब्लेडचा, तीन तुकड्यांत उघडणारा रेझर आणला, त्याचा हा पहिला दिवस. निमित्त गळ्यावरच्या पुटकुळ्यांचं. पाच पाती एकामागून एक फिरली की केस कातडीच्याही खाली कापला जातो, मग वाढताना तो आतच वळतो, असं त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एका पात्याचं वापरून बघा." पंचवीस वर्षं दाढी करतोय, म्हटलं यात शिकायचं काय? पाकीटभर ब्लेडं वडापावच्या पैशांत आली म्हणून खूश होतो, तेवढंच.

बुधवार

निदान एक चूक सापडली. ब्लेड तिरकं बसलं होतं. एका बाजूनं धार जास्त बाहेर, दुसऱ्या बाजूनं जवळजवळ गायब. मूठ आवळताना ब्लेडवरची टोपी हलली असणार. आता ब्लेडच्या आखूड, बिनधारेच्या कडा चिमटीत धरून मग मूठ फिरवतो आणि रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही बाजू बघतो. आज दोनच कपटे लागले.

गुरुवार

तुरटी आणली. आधी थंड पाण्यानं तोंड धुतलं, मग ओला खडा फिरवला. रक्त थांबतं हे ठाऊक होतं, पण खडा चाडीही करतो. जिथं जास्त रगडलंय तिथं झोंबतं, रक्त आलेलं नसलं तरी. गालांवर काहीच नाही. गळ्यावर मात्र अशी आग झाली की बेसिनला धरून उभा राहिलो. म्हणजे दाबतोय मी. कार्ट्रिजनं लावलेली सवय. त्याचं डोकं हलतं, चेहऱ्याच्या उंचसखलाशी तेच जुळवून घेतं, आपण नुसतं दाबून ओढायचं. या रेझरचं डोकं हलत नाही. कोन आपणच सांभाळायचा.

शुक्रवार

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मामांकडे गेलो. केस कापायला नाही, बघायला. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते. मामांनी ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं, अर्धं वस्तऱ्यात सरकवलं. डाव्या अंगठ्यानं कानाजवळची कातडी वर ताणली आणि आखूड आखूड हात मारत खाली आले. माझ्यासारखे कल्ल्यापासून हनुवटीपर्यंत लांब फराटे नाहीत.

"मामा, दाबता की नाही?"

"दाबलं तर गिऱ्हाईक परत येतंय व्हय?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "आवाज ऐका की साहेब. करकर वाजतंय तवर चालू द्यायचं. वाजायचं थांबलं की केस संपलं. मग तुम्ही काय घासताय? कातडीच."

दुकानात टीव्ही चालू होता, तरी त्यांना ऐकू येत होतं. मी पुढं वाकल्यावर मलाही आलं.

शनिवार

दाढी नाही. शनिवारी आईसमोर ब्लेड हातात घ्यायची सोय नाही. एरवी मी यावर कुरकुरतो. आज गळा इतका चुरचुरत होता की शनिमहाराजांचे आभारच मानले.

रविवार

काल दाढी न केल्याचा फायदा म्हणजे आज खुंट हाताला लागत होते. पाकिटाच्या पाठीवर चेहरा काढला आणि बोटं फिरवून बाण काढत गेलो. गालांवर सगळे बाण खाली, अपेक्षेप्रमाणे. हनुवटीखालीही खाली. पण गळ्याच्या डाव्या बाजूला केस आडवे, कानाकडं निघालेत आणि घाटीच्या शेजारी चक्क भोवरा. पंचवीस वर्षं मी तिथं खालून वर, म्हणजे उलटा हात, सगळा जोर लावून मारत होतो. पुटकुळ्या नेमक्या त्याच चार बोटं जागेत.

मग पंखा बंद, मोबाइलवरची गाणी बंद. रेझर मुठीच्या शेवटाला तीन बोटांनी धरला, पडेल की काय असा. डोक्याचा वरचा भाग गालावर टेकवला, मूठ गालापासून सरळ बाहेर. तिथून मूठ हळूहळू खाली आणत गेलो, करकर सुरू होईपर्यंत. तो कोन. ब्लेड आणि कातडी यांत साधारण ३० अंश असावेत असं म्हणतात, पण कंपास घेऊन कोण बसतंय. आवाज पुरतो. आणि रेझर बऱ्यापैकी जड आहे, त्याचं वजनच काम करतं.

पहिली फेरी सुलटी, बाणांच्या दिशेनं. पुन्हा फेस लावून दुसरी आडवी. उलट्या हाताच्या वाटेला गेलोच नाही. कपटा एकही नाही. हात फिरवला तर गाल लोण्यासारखे वगैरे नाहीत, जरा खरखरीत आहेत. असू देत.

बुधवार

साबणाला उगाच शिव्या घातल्या. गोल डबीतला साबण, ब्रश फिरवून फिरवून मनगट दुखतं, तरी फेस दोन मिनिटांत विरतो आणि वाटीच्या कडेला पांढरी किटणं. आज वापरायच्या नळाऐवजी माठातलं अर्धी वाटी पाणी घेतलं. तोच साबण, तोच ब्रश. फेस इतका घट्ट की वाटी कलती केली तरी हलेना. आमच्याकडं सोलापुरात वापरायला बोअरचं पाणी, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि साका होतो. बादल्यांच्या कडांना हेच वर्षानुवर्षं बघतोय, ते दाढीलाही लागू असेल हे सुचलं नाही.

आईनं विचारलं, "पिण्याच्या पाण्यानं दाढी?" अर्ध्या वाटीवर तह झाला. दुसरा तह अंघोळीचा. केस भिजायला दोन-तीन मिनिटं लागतात, ओला केस कापायला सोपा जातो, म्हणून अंघोळीनंतर दाढी बरी. पण दाढीनंतर अंघोळ नाही म्हणजे आईच्या हिशेबी देवाला हात लावायचा नाही. तेव्हा दाढी आधीच, पण गरम पाण्यातून पिळलेला पंचा तोंडावर घेऊन.

सोमवार

ब्लेड पाचव्या दाढीला ओढायला लागलं. स्टील केसापेक्षा पन्नासेक पट कठीण, मग बोथट होतं कसं? एमआयटीत (पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतल्या) हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंय. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं. धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस तिरका वाकून धारेच्या नेमक्या कच्च्या जागी भिडला की उडतात. वाचल्यावर आणखी एक गोष्ट बंद केली, टॉवेलनं ब्लेड पुसणं. आता नुसतं झटकतो. चार दाढ्या झाल्या की ब्लेड हिंगाच्या रिकाम्या डबीत, झाकणाला फट पाडून. कचऱ्यात सुटं टाकलं तर ओला-सुका वेगळं करणाऱ्या बाईंचा हात कापायचा. बायकोनं त्यातली दोन आधीच मागून घेतली, ब्लाउज उसवायला.

मंगळवार

पुटकुळ्या बसल्यात, दोन काळपट डाग सोडून. केस कापायला मामांकडे गेलो. काल सलून बंद, म्हणून आज ही गर्दी, पाऊण तास थांबलो. कापड गळ्याभोवती बांधताना त्यांनी माझी हनुवटी वर केली, बाजूला वळवली, अंगठा फिरवला. मी वाट बघत होतो.

"घरी करताय न्हवं?"

"हो."

"डाव्या कानाखाली राहिलंय बघा," असं म्हणून त्यांनी पाण्याचा फवारा उचलला.