टक्के वाढवून मागण्याआधी पीपीओ उघडा

माजी सैनिकांनो, डिसॅबिलिटी पेन्शनचे (नोकरीत आलेल्या अपंगत्वाच्या पेन्शनचे) टक्के वाढवून मागायला निघालात तर आधी पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि रिलीज मेडिकल बोर्डाचा (नोकरी सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीचा) कागद शेजारी शेजारी ठेवा. टक्के वाढले की पेन्शन वाढतेच असं नाही. ब्रॉड बँडिंगमध्ये, म्हणजे टक्के वरच्या ठरावीक टप्प्याला नेण्याच्या नियमात, 20 पासून 50 च्या आतले सगळे 50 धरतात, 50 ते 75 चे 75, त्यापुढचे 100. म्हणून 20 चे 40 करून घ्यायला वर्षभर पळालात तरी पदरात काही पडत नाही. 40 चे 50 झाले, तर थेट 75 चा हिशेब लागतो. शेवटचा पगार 40,000 धरा. शंभर टक्क्यांना त्याच्या 30 टक्के, म्हणजे 12,000. 50 ला 6,000, 75 ला 9,000, महागाई भत्ता वेगळा. (21 सप्टेंबर 2023 पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स आले. त्यानंतर घरी आलेल्यांनी हा हिशेब आपल्यावर लावू नये.)

पीपीओवर अजून 30 च दिसतात? मग बोर्डाची गरजच नाही. नोकरी पूर्ण करून आलेल्यांनाही ब्रॉड बँडिंग द्या, असं सुप्रीम कोर्टाने 10 डिसेंबर 2014 ला राम अवतार प्रकरणात सांगितलंय. त्याचा हवाला देऊन रेकॉर्ड ऑफिसला (तुमच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) अर्ज करा.

आजार खरंच बळावला असेल तर री-सर्व्हे बोर्ड, म्हणजे टक्क्यांची फेरतपासणी, मागता येतं. सोलापुरातून जाणारे अर्ज इथेच अडतात, कारण त्यांत एवढंच लिहिलेलं असतं: ‘गुडघा फार दुखतो, चालवत नाही.’ बोर्ड दुखणं मोजत नाही, माप बघतं. गुडघा किती अंशांत वाकतो ते हाडांच्या डॉक्टरकडून लिहून घ्या, कानासाठी ताजा ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) काढा, ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) केसपेपर तारखेनुसार लावा. सियाचीनच्या पोस्टिंगचा इथे उपयोग नाही. तो मुद्दा आजार नोकरीमुळे झाला की नाही, या वेगळ्या भांडणातला. दोन आजारांचे 30 आणि 20 मिळून सरळ 50 होतात असंही समजू नका. आणि बोर्ड टक्के खालीही आणू शकतं, ही तयारी ठेवूनच जा.

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं की पहिलं अपील सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. तिथेही नकार आला तर दुसरं अपील, मग मुंबईचं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (सैन्यदलांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण). उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क जात नाही, पण थकबाकी अनेक प्रकरणांत केस टाकण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळाली आहे.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद नीट लावून देईल, टक्के ठरवणं त्यांच्या हातात नाही. अपील स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचपावती फाईलला लावा. सहा महिने उत्तर आलं नाही तर ट्रिब्युनलचा रस्ता मोकळा होतो, आणि तिथून पुढच्या सहा महिन्यांत केस टाकायची असते.